एतिकाफमध्ये आठवलेला फॉर्म

१६ मार्च, रविवार. १५ वा रोजा. असरनंतर.

आज तोंडाने घात केला. दुपार कलल्यावरची असरची नमाज झाल्यावर आमच्या इमामांनी, हाफिजसाबांनी (इथून पुढे नुसतं ह.) सगळ्यांना थांबवलं. यंदा एतिकाफला कोण बसणार? धडगावात हा प्रश्न कुणाला कधी पडलाच नव्हता, कारण दरवर्षी हाजी रहीमचाचा बसायचे. चाचांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ते नंदुरबारला लेकीकडे.

रमजानचे शेवटचे दहा दिवस मोहल्ल्यातल्या एकाने तरी मस्जिदीत मुक्काम करायचा, बाहेर पाऊल टाकायचं नाही. एकानेही नाही केलं तर ती चूक सगळ्या मोहल्ल्याची. ह. हे बोलले आणि सगळे चटईची वीण बघायला लागले. किराणावाल्यांनी ईदचा माल यायचाय म्हटलं. पंक्चरवाले म्हणाले कंबर. मी म्हणालो मार्चएंड आहे, तहसीलसमोर माझ्या दुकानात रांग लागलीय. दाखले, फॉर्म, झेरॉक्स. कुणालाच टाईम नाही.

ह. शांतपणे म्हणाले, "ठीक है. अल्लाह से कह देंगे, धडगाव में किसी के पास टाइम नहीं था."

ह. म्हणजे सव्वीस वर्षांचं पोर. मालेगावहून आलाय, मला मामू म्हणतो. आणि मला त्याच्यासमोर लाज वाटली. की राग आला, माहीत नाही. बोलून बसलो, "मैं बैठता हूं."

घरी शमीम पोट धरून हसली. "घरमा दहा मिन्टं टिकत नही तुम्ही. तठे दहा दिन कसा काढशात?"

तिचं बरोबर आहे. गिऱ्हाइकाला मी नेहमी दहा मिनिटं सांगतो आणि दोन तास बसवतो, तेव्हा दहाचं आणि माझं मूळचंच वाकडं.

२१ मार्च, शुक्रवार. २० वा रोजा. मगरिबला पंधरा मि. बाकी.

पोचलो. घामाघूम. सूर्य मावळायच्या आत हद्दीत यायचं असतं, नाहीतर दहा दिवस पुरे धरत नाहीत. शेवटच्या क्षणापर्यंत दुकानात लोक. सर्व्हर मेल्यासारखा. शेवटची सविता पावरा, वरच्या पाड्यावरची, नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म. शेवटची जीप सुटत होती, तिला पिटाळली, शटर ओढलं, लॅपटॉप घरी फेकला, आंघोळ, पळत इथे.

ह. नी हद्द दाखवली. आतला हॉल आणि पुढचा ओटा, एवढी मस्जिद. ओट्याच्या तीन पायऱ्या बाहेर. चपलांची जागा बाहेर. संडासला आणि वुजूला, म्हणजे नमाजआधी हातपाय धुवायला, जायचं, लगेच परतायचं, वाटेत गप्पा नाहीत. बाकी कारणाने पायरीवर पाय पडला की एतिकाफ तुटला.

"भूल से भी?"

"भूल से भी, मामू."

माझा कोपरा खिडकीजवळ. चादरीचा पडदा. खिडकीतून गल्ली, आणि मान तिरकी केली तर माझ्या दुकानाचं अर्धं शटर. चाळीस पावलं असतील. फोन शमीमकडे दिला. कुणीही विचारलं तर ईदनंतर, असं सांगायचं.

ही वही तेवढी आणली. मराठी शाळेत शिकलो, मनातलं मराठीतच निघतं. ह. नी वही बघितली आणि उशीजवळ ठेवून दिली.

२२ मार्च, शनि. २१ वा. दुपारच्या जोहरच्या आधी.

भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा. कुराणाचा एक पारा वाचून झाला, तसबीह ओढून झाली, जादाच्या नफिल नमाजा झाल्या, झोप काढली, उठलो, दुआ मागितली, मागण्यासारखं आठवेल ते सगळं मागून झालं, आणि घड्याळात साडेदहा.

दुकानात साडेदहा वाजलेले मला कधी दिसलेच नाहीत. शटर उघडलं की एकदम अडीच वाजतात.

दोनदा हात खिशात गेला फोनसाठी. खिसा रिकामा. पाच मिनिटांनी पुन्हा गेला.

असरनंतर: ह. रोज असरनंतर थोडं बोलतात. आज विषय वेळेचा. मला वाटतं माझ्याचसाठी काढला. माणूस दोन देणग्यांच्या बाबतीत फसतो म्हणाले, एक तब्येत आणि दुसरी फुरसत. दोन्ही हातात असतात तोवर कळत नाहीत. आणि शेवटच्या दिवशी जे प्रश्न विचारले जातील त्यातला एक हा, की उमर कशात घालवली.

माझं उत्तर तयार आहे. सर्व्हर चालू व्हायची वाट बघण्यात.

२३ मार्च, रवि. २२ वा. असरनंतर.

सावकाश लिहितो.

सकाळी ह. ना म्हणालो, वेळ खायला उठतोय. ते म्हणाले, एक काम करा. गेलेला एक दिवस घ्या आणि पहाटेच्या फजरपासून रात्रीच्या इशापर्यंत परत बघा. कुठे उठलात, कुणाशी काय बोललात, काय घाईत केलंत. जुने लोक रोज संध्याकाळी हे करायचे.

बसलो. शुक्रवार घेतला, इथे आलो तो दिवस. फजर. दुकान. दोन उत्पन्नाचे दाखले. जुम्याची नमाज. पुन्हा दुकान. आठवत गेलं तसं मजा वाटायला लागली, एकेका माणसाचा चेहरा समोर येत होता, खरं तर शुक्रवारी त्यातला एकही मी नीट बघितला नव्हता.

मग सविता. निळी ओढणी, प्लॅस्टिकच्या पिशवीत मार्कशीट. मी माहिती भरतोय. फोटो अपलोड. सही अपलोड. शेवटचं पान. सर्व्हरचं चक्र फिरतंय. तेवढ्यात घड्याळात सहा वाजले. बाहेर जीपचा हॉर्न. मी तिला म्हणालो, "झालं, जा, जीप चुकेल." ती गेली. चक्र फिरतच होतं. आणि मी लॅपटॉप मिटला.

तिला पावती दिली नाही. प्रिंटरला हातही लावला नाही.

फॉर्म फक्त सेव्ह झालाय. पक्का केलेला नाही. शेवटची तारीख २७, गुरुवार. नाही भरला तर तिचं वर्ष गेलं. आणि ती तिकडे डोंगरात निवांत आहे, कारण हारूनभाऊ म्हणाले झालं.

या अल्लाह. नेक कामाला उशीर होईल म्हणून धावत सुटलो आणि हे करून आलो.

२४ मार्च, सोम. २३ वा. सकाळ.

फजरनंतर ह. ना सगळं सांगितलं. म्हटलं, दुकान चाळीस पावलांवर आहे. जाऊन येतो. मोहल्ल्याचा एतिकाफ मोडेल, पण मी काय करू?

पोरगं माझ्या चटईवर येऊन बसलं. मग म्हणाले, "मामू, आपका एतिकाफ टूटा तो कजा रख लोगे. बच्ची का साल टूटा तो उसकी कजा कौन रखेगा?" कजा म्हणजे राहिलेलं नंतर भरून देणं. पुढे म्हणाले, "मगर पहले देखो, बैठे बैठे हो सकता है क्या. बाहर जाना आखिरी रास्ता है. जरूरत का फोन कर सकते हो, खिड़की से बात कर सकते हो."

हे ऐकून छातीवरचा धोंडा अर्धा उतरला. मला वाटलं होतं रागावतील.

जोहरनंतर: शमीमला खिडकीशी बोलावलं. ती भांडायच्या तयारीने आली, कारण मीच बजावलं होतं मला बोलावू नका म्हणून. सगळं ऐकल्यावर एवढंच म्हणाली, "लॅपटॉपले पासवर्ड काय शे?"

मी सांगितला. आपल्याच लग्नाची तारीख आहे. तिला हसू आलं, मलाही, एवढ्या काळजीत.

पण घोडं पुढे अडलं. फॉर्म उघडायचा तर ओटीपी लागतो, आणि मी नंबर टाकलाय सविताच्या बापाचा. बाप ऊसतोडीला गुजरातेत. शमीमने पाच वेळा लावला. बंद.

२५ मार्च, मंगळ. २४ वा.

बापाचा फोन अजून बंद. सविताच्या पाड्यावर नेटवर्क नाही, एका टेकडीवर चढलं तर येतं. शमीमने जीपवाल्या गुलाबभाऊंना खिडकीशी आणलं. ते रोज वर जातात. म्हणाले, "निरोप देतो, पण घाटात दरड काढताहेत, संध्याकाळ होईल."

"आजच द्या भाऊ. पोरीला उद्या पहिल्या जीपने आणा."

"तुम्हीच या ना दुकानात, तिचं काम करून टाका," गुलाबभाऊ म्हणाले. "इथे काय करताय?"

म्हटलं, बसलोय.

आज दिवसभर पारे वाचता आले नाहीत. ओळ डोळ्यांखालून जाते, आत जात नाही. मग नुसता दरूद म्हणत राहिलो. असरच्या वेळी उन्हाचा पट्टा खिडकीतून माझ्या चटईवर येतो आणि सरकत सरकत भिंतीवर चढतो. शनिवारी हलता हलत नव्हता. आज सरसर चढला.

ह. विचारून गेले, "कुछ हुआ?" मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी इफ्तारला स्वतःच्या ताटातली खजूर माझ्याकडे सरकवली.

२६ मार्च, बुध. २५ वा. दुपार.

सविता आली. पहिल्या जीपने. खिडकीच्या गजांपलीकडे उभी राहिली, तीच निळी ओढणी.

"भाऊ, तुम्ही बोलला ना, झालं म्हणून."

"नव्हतं झालं. मी घाईत होतो, खोटं बोललो असं नाही, पण बघितलं नाही. चूक माझी आहे."

वाटलं होतं रडेल. ती माझ्याकडे, माझ्या टोपीकडे, मागच्या पडद्याकडे बघत राहिली. मग सरळ विचारलं, "मग तुम्ही बाहेर का नाही येत?"

सांगितलं. दहा दिवस, हद्द, पायऱ्या. मोहल्ल्याच्या वतीने एकटा मीच.

"होळीला आमचा काका पाळणी पाळतो," ती म्हणाली. "खाटेवर बसत नाही, बाईच्या हातचं खात नाही. नवस असतो. तसंच?"

"तसंच."

"मग नका येऊ." एवढं बोलून ती शमीमकडे वळली. "ताई, बाबाच्या टोळीच्या मुकादमाचा नंबर आहे माझ्याकडे."

मी दोन दिवस बापाचा बंद नंबर लावायला सांगत बसलो आणि मुकादमाचं सुचलंच नाही. इथे काय, विचार करायला वेळच वेळ होता.

मुकादमाने बापाला फडातून बोलावून आणलं. त्याचा फोन बंद होता तो चार्जिंगअभावी. मुकादमाच्या झोपडीत लावला. पण मस्जिदीच्या गल्लीत इंटरनेट धरत नाही, त्यामुळे दोघी लॅपटॉप घेऊन दुकानाच्या पायरीवर बसल्या. मी खिडकीत मान तिरकी करून. मला फक्त शमीमची पाठ दिसते.

पहिला ओटीपी, बाप वाचेपर्यंत मुदत संपली. दुसरा, त्याने सहाच्या जागी नऊ वाचला. तिसरा शमीमने टाकला तोही चुकला, ती एका बोटाने टाईप करते. साईटने कुलूप लावलं. आता उद्याच.

शमीम खिडकीशी आली. चेहरा एवढासा. "माले येत नही हाई. मन्हामुळे गया."

"तुझ्यामुळे नाही गं. तीन दिवसांत जेवढं तू केलंस तेवढं मी दुकानात महिन्यात करत नाही."

हे मी तिला तोंडावर पहिल्यांदाच म्हटलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली.

सविताला शमीमने घरीच ठेवून घेतलं.

२६, मगरिबच्या आधी.

ठरवलं. उद्या असरपर्यंत झालं नाही तर मी उठणार. सायंकाळी साईट बंद पडली तर काय, म्हणून असरच. ह. ना सांगितलं, ते म्हणाले, "नीयत साफ है तो जाओ." वुजूहून येताना चपला पायरीजवळ सरळ करून ठेवल्या, तोंड बाहेरच्या बाजूला.

मन एकदम हलकं झालंय. आता दोन्ही बाजूंनी काय होईल ते माहीत आहे.

२७ मार्च, गुरु. २६ वा. असरनंतर.

झालं. झालं. झालं. पावती डोळ्याने बघितली.

सकाळी शमीमने सविताला टाईपिंगला बसवलं आणि फोन स्वतः कानाला लावला. त्यांचं त्यांनीच ठरवलं, मला विचारलंही नाही. बापाने आज फडावर जायचं टाळलं, मुकादमाशी भांडून. ओटीपी त्याने एकेक आकडा म्हणून, प्रत्येक दोनदा, असा सांगितला. फॉर्म उघडला. शेवटचं पान आलं. सर्व्हर पुन्हा चक्र फिरवायला लागला. जोहर झाली. अडीच वाजले. मी खिडकीत. गज धरून धरून तळहाताला गंजाचा वास.

आयुष्यात एवढं काहीच न करता एवढा वेळ कधी बसलो नव्हतो. मी दुकानात असतो तर दहा वेळा रिफ्रेश मारून सगळं घालवलं असतं. त्या दोघींनी हात लावला नाही. बसून राहिल्या.

तीन वाजून काही मिनिटं. शमीमची पाठ हलली. मग सविता उठली, पळत आली गल्लीतून, हातात कागद. पक्कं करायचं बटण तिनेच दाबलं. खिडकीशी न येता ती सरळ मस्जिदीच्या दारासमोर आली आणि कागद उंच धरला.

"भाऊ! नंबर आला!"

आणि मी गेलो. ओट्यावरून उतरलो, तिच्या हातातून कागद घेतला, नाव बघितलं, जन्मतारीख बघितली, नंबर बघितला, पुन्हा नाव बघितलं. शमीम मागून येत होती. ती एकदम थांबली आणि तिने तोंडावर हात घेतला.

पाय भाजत होते. खाली बघितलं. तिसरी पायरी.

चपलासुद्धा नव्हत्या पायात.

चार दिवस जीव टांगणीला होता तेव्हा हद्द सोडली नाही. काम झालं आणि आनंदात सरळ चालत बाहेर. मी तिथेच उभा राहून हसायला लागलो. हसू थांबेना. सविताला कळेना काय झालं. शमीमने तिला सांगितलं तर तीच रडवेली झाली, "माझ्यामुळे." म्हटलं, बाई, तुझ्यामुळे नाही, माझी घाई आहे ही, जुनी आहे.

ह. आले. त्यांनाही हसू आवरत नव्हतं, दाढीवरून हात फिरवत होते. तुटला का? तुटला. ज्या दिवशी तुटला त्या एका दिवसाची कजा, रोजा ठेवून, मगरिब ते मगरिब, म्हणजे सूर्यास्त ते सूर्यास्त. बाकीचे दिवस बसून राहा, ते नफिल. मोहल्ल्याच्या वतीने जे होतं त्याचं काय, ते मालेगावला मुफ्तीसाहेबांना विचारून सांगतो म्हणाले.

पुन्हा आत आलो. वुजू केला. असर पढली. सजद्यात डोळे भरून आले, आणि मागायचं असं काहीच आठवलं नाही, नुसतं शुक्र शुक्र म्हणत राहिलो. उन्हाचा पट्टा कधी चढला आणि कधी गेला, बघितलं नाही.

२८ मार्च, शुक्र. २७ वा. जुम्यानंतर.

शेवटचा जुमा. मस्जिद भरली, ओटाही भरला. मी ह. ना म्हणालो होतो, मोहल्ल्याला सांगायला पाहिजे. सगळे माझ्या भरवशावर आहेत. खुतब्याच्या, म्हणजे प्रवचनाच्या आधी ह. नी मला उभं केलं. पोरीचा फॉर्म विसरलो ते, तिसऱ्या पायरीपर्यंत गेलो ते, सगळं सांगितलं.



रहीमचाचा खास जुम्यासाठी नंदुरबारहून आले होते, खुर्चीवर बसून नमाज. पहिले तेच बोलले. "मी इतला साल बठनू. आरामशीर बठनू. बाहेर कोन्हं काय आडी ऱ्हायनं हाई एकदा बी मन्हा ध्यानमा उनं नही." मग माझ्याकडे बघून, "हारून, तू तरी याद करं."

किराणावाले हसले. मग सगळेच हसले, आणि मला बसायला सांगितलं. नमाजनंतर पंक्चरवाले कोपऱ्यात आले, पडदा बाजूला करून माझी चटई बघितली, उशी दाबून बघितली. पुढच्या साली मी बसतो म्हणाले. कंबरेचं काय, विचारलं. "कंबर कोठेबी दुखस. अठे बी दुखी."

केवढं ओझं होतं ते सांगून टाकल्यावर कळलं.

२९ मार्च, शनि. २८ वा.

आज काही घडलं नाही. अख्खा दिवस.

अडीच पारे झाले, आणि आत गेले. जोहरनंतर बसून, गेल्या महिन्यातले दिवस एकेक करून परत बघितले. घाईत बऱ्याच जणांवर ओरडलोय. एका म्हाताऱ्याला तीनदा परत पाठवलं, त्याचा दाखला पहिल्याच दिवशी निघाला असता. नावं लिहून ठेवली मागच्या पानावर. बाहेर गेल्यावर एकेकाला भेटायचं.

घड्याळाकडे दोनदाच बघितलं.

३० मार्च, रवि. २९ वा. मगरिबनंतर.

चांद दिसला. ओट्यावरून आम्ही सगळे डोंगराच्या वर बघत होतो, ह. ना आधी दिसला. उद्या ईद. हार घेऊन न्यायला आले लोक. मी नको म्हणत होतो, हक्क नाही म्हटलं, तर किराणावाल्यांनी गळ्यात घालूनच टाकला. पायऱ्या उतरताना एक एक मोजून उतरलो. खाली शमीम उभी होती.

"चला. नऊ दिन व्हई गया घर देखाले."

चादर, उशी, वही. एवढंच सामान होतं, आणि पुरलं.

१२ एप्रिल, शनि. दुकान. दुपार.

बऱ्याच दिवसांनी वही उघडली. मुफ्तीसाहेबांचं उत्तर अजून नाही. ह. म्हणतात येईल. माझी कजा राहिलीच आहे. ईद झाली, रांग सुरू झाली, आज उद्या करत दोन आठवडे गेले. सुधारलो म्हणावं तर असा. पावती हातात दिल्याशिवाय मात्र आता कुणाला जाऊ देत नाही. शमीम सकाळी दोन तास दुकानात बसते. दहाही बोटांनी टाईप करायला शिकतेय, माझ्यापेक्षा कमी ओरडते, लोक तिच्याच बाजूच्या रांगेत उभे राहतात.

मघाशी सविताचा फोन आला. टेकडीवर चढून लावला होता, वाऱ्याचा आवाज येत होता. परीक्षा मे महिन्यात आहे, तारीख आली. अभ्यास चाललाय. गणित जड जातंय.

मग म्हणाली, "भाऊ, तुमचा तो राहिलेला एक दिवस झाला का बसून?"

"नाही ना अजून."

"मग माझ्या पेपरच्या दिवशी बसा."

मे महिन्यातला रोजा. पाण्याचा थेंब नाही, आणि पुन्हा तो कोपरा, तीच खिडकी. शमीमने फोनमधलं ऐकलं होतं. मी दुकानाचं काय असं विचारायच्या आतच तिने बोटाने स्वतःकडे दाखवलं.

सविताला हो म्हणालो. कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला. पेपर सकाळचा की दुपारचा ते अजून आलेलं नाही. मी आदल्या दिवशीच, सूर्य मावळायच्या बराच आधी, आत जाऊन बसणार आहे.